मनगटावरील चित्रगुप्त

अंगावर काही ना काही धारण करण्याची हौस मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. तान्ह्या मुलाच्या हातातील मनगट्या, कमरेचा करगोटा, दंडावरील ताईत, सुवासिनीचा चुडा या वस्तू अंगाशी निकट राहतात आणि म्हणूनच त्यांजवर आपला विश्वासही विशेष असतो. दृष्ट लागू नये, अरिष्ट टळावे, सौभाग्य दिसावे असे त्यांचे हेतू निरनिराळे असतील; परंतु एक गुण त्या साऱ्यांस समान होता. ज्याच्या अंगावर त्या असत, त्याच्याविषयी परक्या घरी जाऊन त्या काही बोलत नसत. मनगटावरील घड्याळही परवापरवापर्यंत याच कुळातले होते. मॅट्रिक झालेल्या मुलास किंवा नव्या जावयास ते कौतुकाने दिले जाई. ते धन्यास वेळ सांगे, आणि धनी किल्ली द्यावयास विसरला तर मुकाट्याने थांबे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या घड्याळाने आपला स्वभाव पालटला आहे. पूर्वी मनुष्य घड्याळाकडे पाहत असे. आता घड्याळच मनुष्याकडे पाहू लागले आहे. त्याची नाडी किती चालते, तो किती पावले चालला, कोठून कोठे गेला, केव्हा निजला आणि मध्यरात्री कितीदा जागा झाला, याची ते टिपणे ठेवते. आणि ती टिपणे मोबाइलमार्फत कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकांत नेऊन पोचविते. पट्टी, अंगठी, चष्मा अशी त्याची भावंडेही आता बाजारात आली आहेत. आपल्या पुराणकथेत प्राणिमात्राच्या कृत्यांची वही ठेवण्याचे काम चित्रगुप्ताकडे आहे. पण त्या चित्रगुप्ताची वही मनुष्याच्या मृत्यूनंतर उघडते, एकाच न्यायासनापुढे वाचली जाते, आणि ती विकत घेणारा गिऱ्हाईक त्रैलोक्यात नाही. मनगटावरील नव्या चित्रगुप्तास यांपैकी एकही मर्यादा आपोआप लागू होत नाही. म्हणून एखाद्या नव्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यात काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले आहे आणि ते कोणाच्या वाचनासाठी आहे हे जसे आपण पाहतो, तसेच या यंत्राचेही परीक्षण करणे अगत्याचे झाले आहे.

हा विचार केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांपुरता आहे, असे कोणी समजू नये. जेऊर हे करमाळे तालुक्यातील, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे लहानसे स्थानकाचे गाव. ऊस, केळी, दूध आणि उजनीचे पाणी यांभोवती त्याचा व्यवहार फिरतो. अशा गावच्या बाजारातही हजार-दीड हजार रुपयांत स्मार्ट घड्याळ मिळू लागले आहे, आणि पुण्यास नोकरीस असलेला मुलगा दिवाळीस घरी येताना मधुमेही वडिलांच्या हातात ते बांधून जातो. या भागास मिनिटांचे भान प्रथम रेल्वेने शिकविले. १८५९-६० च्या सुमारास हा लोहमार्ग सोलापुराकडे सरकला. पुढे कित्येक वर्षे गाड्या मद्रासच्या वेळेने धावत आणि शेतकरी सूर्याच्या वेळेने. १९०६ साली सर्व देशास एकच प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईकरांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. एका गिरणीच्या कामगारांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत या बदलाविरुद्ध काम थांबविले, आणि शहराच्या नगरपालिकेने तर एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' पुढे कित्येक दशके सोडली नाही. घड्याळाचे काटे कोणी फिरवावे, एवढ्या प्रश्नावर ज्या समाजाने अर्धशतक वाद घातला, त्याच समाजाने स्वतःच्या नाडीचे ठोके परस्वाधीन करताना एक दिवसही वाद घालू नये, हे नवल खरे.

प्रथम या यंत्राच्या बाजूने जे म्हणावयाचे ते मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. त्याची घटना मोठी चतुर आहे. घड्याळाच्या तळाशी हिरव्या प्रकाशाचे बारीक दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्त क्षणभर वाढते, आणि त्या मानाने परतणारा प्रकाश कमी होतो. या कमीअधिकपणावरून यंत्र नाडी मोजते. हातास बसणारे हिसके ओळखणारा दुसरा एक सूक्ष्म भाग त्यावरून पावले मोजतो, आणि मनुष्य एकाएकी कोसळला तर तेही ताडतो. अमेरिकेत चार लाख एकोणीस हजारांवर लोकांना घेऊन झालेल्या एका पाहणीचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाडी अनियमित असल्याची सूचना शेकडा अर्ध्याच्या आसपास लोकांनाच मिळाली. आणि ज्यांनी नंतर छातीवर तपासणीची पट्टी बांधून ती परत पाठविली, त्यांतील सुमारे एकतृतीयांशांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा तो विकार खरोखर आढळला, जो पुढे अर्धांगवायूस कारण होऊ शकतो. ज्याला छातीत कळ नाही, दम नाही, अशा मनुष्यास वेळीच वैद्याकडे धाडणे हे लहान पुण्य नव्हे.

आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर २०२२ च्या पावसाळ्यात लोणावळ्याजवळील विसापूर किल्ल्यावर एक सतरा वर्षांचा मुलगा पाय घसरून दरीत पडला. पायास जबर इजा झालेल्या त्या मुलाने मनगटावरील घड्याळातून घरच्यांशी संपर्क साधला आणि त्याची सुटका झाली. ज्या आईबापांस तो मुलगा परत मिळाला, त्यांच्यापुढे या यंत्राची निंदा करावयास कोणाची जीभ रेटेल? एकटी राहणारी वृद्ध माणसे, ज्यांची मुले परमुलखात आहेत अशी घरे, हृदयविकारातून उठलेले रोगी, यांना या वस्तूने दिलेला धीर खरा आहे. तो नाकारून केवळ जुन्याचे गोडवे गाणे हा टीकेचा धर्म नव्हे.

तथापि गुणांची ही यादी देताना दोन इशारे जोडलेच पाहिजेत. दहा हजार पावलांचा जो मंत्र आज घरोघर जपला जातो, त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नसून जपानात १९६५ साली विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे माप' असा होतो. चालणे हितकर आहे यात शंका नाही, पण आकडा मात्र दुकानदाराचा. दुसरी गोष्ट याहून गंभीर. सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारी म्हणून काही घड्याळे व अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर बजावले की असे एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, आणि तिच्या आकड्यावर विसंबून औषध घेणे जिवावर बेतू शकते. ज्या आपल्या प्रांतात मधुमेह घरोघर पाहुण्यासारखा येऊन बसला आहे, तेथे दीड हजाराच्या घड्याळावर विसंबून इन्शुलिनची मात्रा ठरविणारा मनुष्य कोणत्या संकटात पाऊल टाकतो, हे वेगळे सांगावयास नको.

आता या यंत्राच्या वाङ्मयाकडे वळू. वाङ्मय हा शब्द आम्ही थट्टेने योजीत नाही. प्रत्येक घड्याळाबरोबर दोन लेख येतात. एक जाहिरातीचा, दुसरा कराराचा. दोहोंचा कर्ता एकच. पण भाषा, सूर आणि वाचकाविषयीचा आदर यांत जमीनअस्मानाचे अंतर. जाहिरात गोड मराठीत बोलते. तीत आईची काळजी, बाबांचे आरोग्य आणि चिमुकल्यांचे हसू असते. करार बहुधा इंग्रजीत असतो. तो बोटभर पडद्यावर उलगडता उलगडत नाही. आणि त्याच्या तळाशी 'मान्य आहे' असे एकच दार असते. ते दार न उघडणाऱ्यास घड्याळ चालू करता येत नाही, म्हणजे पैसे भरून झाल्यावर संमती विचारली जाते. जाहिरातीत 'तुम्ही' हा शब्द मालकाचा आहे. करारात तोच शब्द ज्याच्याविषयी माहिती गोळा करावयाची त्याचा आहे. एकाच ग्रंथकाराने एकाच वाचकास मुखपृष्ठावर राजा आणि शेवटच्या पानावर माल ठरवावे, असा चमत्कार अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

या नोंदींतून काय काय वाचता येते, याची कल्पना सामान्य गृहस्थास नसते. एकटा आकडा निरुपद्रवी दिसतो. पण महिनाभराचे आकडे ओळीने मांडले म्हणजे त्यांतून घर बोलू लागते. घर केव्हा निजते, कोण रात्रपाळीस जातो, कोणाची झोप उडाली आहे, कोणती स्त्री गरोदर असावी, कोण दर आठवड्यास कोणत्या इस्पितळाच्या दारी थांबतो, हे सारे त्यांत दडलेले असते. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने जगभरच्या धावपटूंच्या मार्गांचा एक झळझळीत नकाशा २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. त्यात कोणाचे नाव नव्हते. परंतु पुढच्याच जानेवारीत लोकांच्या ध्यानात आले की सीरिया व अफगाणिस्तान येथील ओसाड प्रदेशात जे उजेडाचे चौकोन दिसतात, ते लष्करी तळांभोवती व्यायामासाठी धावणाऱ्या शिपायांचे आहेत. ज्या सैन्यांनी आपले तळ गुप्त राखण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांचे गुपित शिपायांच्या मनगटांनी फोडले. मग आपल्यासारख्यांच्या झाकल्या मुठीची काय कथा!

शिवाय ही वही ज्याच्या हाती दिली, त्याच्याच हाती राहील याचीही शाश्वती नाही. पेढी विकली म्हणजे खातेवह्याही विकल्या जातात. फिटबिट ही या धंद्यातील आद्य कंपन्यांपैकी एक. ती २०२१ च्या जानेवारीत गूगलच्या मालकीची झाली. या सौद्यास मान्यता देताना युरोपातील नियामकांनी अशी अट घातली की तेथील ग्राहकांच्या आरोग्याच्या नोंदी दहा वर्षे गूगलच्या जाहिरातींसाठी वापरावयाच्या नाहीत. इतर देशांतील लोकांसही कंपनीने तसाच शब्द दिला आहे, आणि तो ती पाळणार नाही असे म्हणण्यास आधार नाही. पण एकाच्या हाती कायद्याचा दस्तऐवज आणि दुसऱ्याच्या हाती सावकाराचा शब्द, यांतला फरक शेतकरी घराण्यातील कोणाही वाचकास समजावून सांगावा लागू नये.

येथवर आपण स्वखुशीने घड्याळ बांधणाऱ्याचा विचार केला. ज्याच्या मनगटावर ते दुसरा कोणी बांधतो, त्याची गोष्ट निराळी. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या हातांत जागा सांगणारी जीपीएस घड्याळे दिली. नवी मुंबईतही तसाच प्रयोग झाला, आणि उत्तरेस चंदिगड व पंचकुला येथेही. पालिकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. हजेरीपटावर नाव एकाचे, झाडू दुसऱ्याच्या हाती आणि पगार तिसऱ्याच्या घरी, असे प्रकार आपल्या शहरांस अपरिचित नाहीत. त्यांस आळा घालणे हे करदात्यांच्या हिताचेच आहे. परंतु घड्याळ जे पाहते ते नीट पाहिले पाहिजे. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, एवढेच त्यास कळते. रस्ता स्वच्छ झाला की नाही, गटारात उतरताना त्याच्या हातात मोजे होते की नाही, उन्हात त्यास घोटभर पाणी मिळाले की नाही, हे त्याच्या नोंदीत येत नाही. हद्द ओलांडल्याची खूण उमटली की पगारास कात्री लागण्याची धास्ती मात्र राहते, आणि यंत्राची साक्ष खोडून काढावयास झाडूवालीजवळ साक्षीदार नसतो. पंचकुल्याच्या सफाई कामगार स्त्रियांनी, या घड्याळातून आपल्याला कोणी पाहते-ऐकते काय, या भीतीने शौचास जाताना देखील आपण संकोचतो, असे उघड सांगितले. भीती यांत्रिकदृष्ट्या साधार होती की नव्हती, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या वस्तूविषयी तिच्या धारकास काहीच सांगितले गेले नाही, ती वस्तू अंगावर बाळगण्याचा हा स्वाभाविक परिणाम होय. आणि ज्या साहेबांच्या कचेरीत या नोंदी वाचल्या जातात, त्यांच्या मनगटांवर असले घड्याळ बांधण्याचा ठराव कोणत्या सभेत झाल्याचे ऐकिवात नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मनुष्यास तरी या हजेरीची आठवण व्हावयास पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि सोलापूर शहरालगत अशा जमातींची तारेच्या कुंपणातील वसाहत वसविण्यात आली. 'सेटलमेंट' हा शब्द त्या शहराच्या बोलीत अद्याप टिकून आहे. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या त्या माणसांची नावे पटावर चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावाचून बाहेर जाण्याची मुभा नसे. अपराध केला म्हणून त्यांच्यावर नजर ठेवली जात नव्हती. नजर ठेवलेली आहे म्हणूनच ती अपराधी मानली जात होती. हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला. त्या जीवनाची खरी ओळख आमच्या वाचणाऱ्या वर्गास व्हावयास मात्र लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने यावी लागली. पालिकेचे घड्याळ आणि ते तारेचे कुंपण एकच, असे म्हणणे अन्यायाचे होईल आणि आम्ही तसे म्हणत नाही. पण एक धडा दोहोंस सामाईक आहे. एखाद्याच्या देहाची व ठावठिकाण्याची नोंद दुसऱ्याने ठेवावी, ती त्याला वाचता येऊ नये, आणि तिच्या आधारे त्याला शिक्षा मात्र व्हावी, अशी व्यवस्था ज्याच्यावर प्रथम बसते तो समाजातला सर्वांत दुबळा मनुष्य असतो.

दुबळ्याच्या नोंदीची गोष्ट निघाली म्हणून, ज्यास वाचाच नाही अशा धारकाचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२० च्या डिसेंबरात करमाळे तालुक्याने नरभक्षक बिबट्याची दहशत अनुभवली. तीन माणसे प्राणास मुकली आणि अखेर त्या जनावरास गोळी घालावी लागली. बिबट्या वस्तीजवळ कसा राहतो हे समजून घेण्याचा एक शास्त्रीय प्रयत्न त्यापूर्वीच महाराष्ट्रात झाला होता. २००९ साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याच्या गळ्यात विद्या अत्रेय यांच्या चमूने जागा सांगणारा पट्टा बांधून त्यास माळशेज घाटात सोडले. 'आजोबा' या नावाने प्रसिद्धी पावलेला हा बिबट्या महिनाभराच्या आत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि वाटेत त्याने एकाही मनुष्यास इजा केली नाही. गळ्यातील पट्ट्याने येथे त्या प्राण्याच्या जातीविषयी कित्येक गैरसमज दूर केले. परंतु २०१३ साली मध्य प्रदेशातील पन्ना अभयारण्यातील एका वाघाच्या पट्ट्याची माहिती ज्या ई-मेल खात्यात येई, त्या खात्यात कोणी तिऱ्हाइताने पुण्याहून शिरण्याचा प्रयत्न केल्याचे उघडकीस आले. यंत्रणेने तो अडविला म्हणून बरे. पट्टा तोच, आकडेही तेच. वाचणारा बदलला की रक्षणाचे साधन शिकाऱ्याची वाट दाखविणारे होते. कुंपणच शेत खाते, ते असे.

यावरून आम्हास जे म्हणावयाचे आहे ते आता थोडक्यात मांडता येईल. आपल्या जीवनात मनगट दुसऱ्याच्या हाती देण्याचे प्रसंग ठरलेले होते. वैद्य नाडी पाही, कासार बांगड्या भरी, बहीण राखी बांधी, विवाहात वर वधूचा हात हाती घेई. या प्रत्येक प्रसंगी हात धरणाऱ्यावर काही जबाबदारी येई. नाडीतून कळलेले वैद्य चावडीवर सांगत नसे. गावातील प्रत्येक स्त्रीचा हात ओळखणारा कासार कोणाच्या हाताविषयी कोणाजवळ बोलत नसे. मनगट सोडविण्याचा अधिकारही ज्याचे त्याच्याकडे राही. स्मार्ट घड्याळ चांगले की वाईट, असा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ते बांधलेल्या मनुष्यास आपली वही प्रथम वाचता येते काय, ती आणखी कोण वाचते हे त्यास ठाऊक आहे काय, आणि कोणतीही शिक्षा न भोगता ते काढून ठेवता येते काय, हेच खरे प्रश्न होत. आमच्या मते यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. जे काढून ठेवता येते ते आभूषण किंवा उपकरण. जे काढता येत नाही ती बेडी, मग तिचा पट्टा कितीही मऊ असो.

कित्येक विचारी माणसे यावर असे म्हणतात की ज्याच्या पोटात पाप नाही त्याने भ्यावे कशाला? आणि दुसरे असे की गोपनीयता ही पाश्चात्त्य कल्पना. आमच्या एकत्र कुटुंबात ती कधी होती? पहिल्या आक्षेपास उत्तर सोपे आहे. न्हाणीघराचे दार लावणारा मनुष्य आत चोरी करीत नसतो. दुसऱ्याचे उत्तर आपल्या घरांच्या बांधणीतच आहे. ओसरीवर कोणीही यावे, पण माजघराचा उंबरा परक्याने ओलांडू नये, असा दंडक होता. घरची गोष्ट घरात राहावी, हे आजीने नातीस शिकविण्याचे पहिले शहाणपण होते. घरातल्या घरात मात्र स्त्रिया व धाकटी माणसे यांच्या वाट्यास तो आडोसा फारसा येत नसे, हेही खरे. पण म्हणून तो त्यांस आता मिळू नये असे कसे ठरते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने गोपनीयतेस मूलभूत हक्क मानले, तेव्हा माजघराच्या त्या उंबऱ्यास घटनेचा आधार मिळाला आणि तो प्रत्येक व्यक्तीचा झाला, असे समजावयास हरकत नाही.

त्यामागून २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने त्यापुढे अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. या कायद्यात आपल्या दृष्टीने एक गोष्ट फार मोलाची आहे. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकास द्यावी लागेल. आणि मराठी ही त्या भाषांपैकी एक आहे. जाहिरातीपुरती मराठी आणि करारास इंग्रजी, हा दुटप्पीपणा यामुळे मोडू शकेल. मात्र आपण ती मराठी सूचना मागितली आणि वाचली तरच. दुसरी गोष्ट खेदाची आहे. नोकरीच्या कारणांसाठी मालकाने कामगाराची माहिती वापरावयाची असेल, तर त्याच कायद्याच्या सातव्या कलमाने त्यास संमतीवाचून मोकळीक दिली आहे. म्हणजे दुकानातून हौसेने घड्याळ घेणाऱ्यास निदान विचारले तरी जाईल. ज्या झाडूवालीच्या हाती ते नोकरीच्या अटीने येते, तिला विचारण्याची गरज नाही. ज्यास कायद्याचे छत्र सर्वांत अगत्याचे, नेमका तोच भिजत राहतो. कामगारांच्या संघटनांनी व विधिमंडळातील सभासदांनी या कलमाकडे अवश्य लक्ष दिले पाहिजे.

परंतु सारा दोष सरकारच्या व कंपन्यांच्या माथी मारून सुशिक्षित गृहस्थास मोकळे होता येणार नाही. मालक कारखान्यातच असतो असे नाही. लेकराच्या हातात बांधलेल्या घड्याळातून शाळेतील बोलणे घरबसल्या ऐकणारे आईबाप, सासूबाईंच्या झोपेचा आलेख परदेशातून पाहून त्यांस फोनवर जाब विचारणारा जावई, सून दुपारी कोठे गेली होती हे नकाशावर तपासणारे घर, यांस काय म्हणावे? मुलांच्या आसपासचे बोलणे चोरून ऐकण्याची सोय असलेली घड्याळे विकण्यास जर्मनीने २०१७ साली बंदी केली; ती शिक्षकांची व इतर मुलांचीही चोरी आहे, हे तेथील नियामकांनी ओळखले. काळजी आणि पहारा यांचे रूप दुरून सारखेच दिसते. ज्याची काळजी घ्यावयाची त्यास विचारले की नाही, एवढ्यावरून ती ओळखावी. आईस घड्याळ द्यावयाचे असेल तर अवश्य द्यावे. पण त्यातील नोंद कोणाकोणास दिसेल हे तिला तिच्या भाषेत सांगावे, तिने नको म्हटल्यास राग धरू नये, आणि तिने ते चार दिवस फळीवर काढून ठेवले तर कारण विचारू नये. घड्याळात काही बिघाड झाला तर तो दुरुस्त होतो. आपल्यावर नजर आहे या जाणिवेने म्हाताऱ्या माणसाच्या मनात जो सल राहतो, तो दुरुस्त करणारा कारागीर कोठे मिळत नाही.

नवे यंत्र आले की त्याची पूजा करणारे आणि त्यावर बहिष्कार घालणारे असे दोन पक्ष आपल्यात ताबडतोब उभे राहतात. पूजा करणारे यंत्रास काहीच विचारीत नाहीत, आणि बहिष्कार घालणाऱ्यांस विचारण्याची सवडच मिळत नाही. आम्हास तिसरी वाट बरी वाटते. दुकानात उभे असताना, पैसे देण्यापूर्वी, विक्रेत्यास मराठीत विचारावे: ही वही कोठे जाते, कोण वाचते, आणि ती पुसून टाकावयाची झाल्यास काय करावे? विक्रेत्यास उत्तर देता आले नाही तर त्याने ते कंपनीकडून मागवावे, असे सांगावे. जेऊरच्या बाजारात असे दहा गिऱ्हाईक विचारू लागले, तर अकराव्यास उत्तर तयार मिळेल. विसापूरच्या दरीतील मुलाची हाक ऐकणारे घड्याळ आपणास हवेच आहे. ते हाक मारल्यावर ऐकावे, आणि एरवी त्याने मौन पाळावे, एवढी मागणी करण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्यास आहे आणि मनगट देणाऱ्यास तर त्याहून अधिक आहे.